गुणसूत्रं दुप्पट झाली, मग जनुकांचं काम दुप्पट का होत नाही?

एम.एस्सी. करणाऱ्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. तिने देशी कापूस, म्हणजे गॉसिपियम आर्बोरियम, आणि अमेरिकन कापूस, म्हणजे गॉसिपियम हिर्सुटम, यांचा संकर केला. रोप आलं, पण वांझ. त्याच्या शेंड्याला कोल्चिसीन हे रसायन लावून गुणसूत्रं दुप्पट केली. मग दहा-बारा जनुकांची अभिव्यक्ती, म्हणजे ती किती काम करतात ते, मोजली. अपेक्षा अशी की सगळं दुप्पट येईल, निदान दोन्ही पालकांची सरासरी तरी येईल. हाती आलं ते असं : काही जनुकं सरासरीच्या आसपास, काही अगदी एकाच पालकाएवढी, दोन जनुकं दोन्ही पालकांपेक्षा जास्त, आणि एक तर शून्य. 'आमचं काही चुकलं का, सर?'

चुकलं असेलच असं नाही. उलट सगळीच्या सगळी जनुकं दुप्पट आली असती तर मी तुम्हाला प्रयोग पुन्हा करायला सांगितला असता. विदर्भात कापूस पैदाशीत माझी तीसएक वर्षं गेली, त्यातली बरीचशी अशाच दूरच्या संकरांमागे, आणि हा प्रश्न मलाही सुरुवातीला असाच अडला होता. जनुकाच्या प्रती किती हा एक हिशोब आहे आणि ते जनुक काम किती करतं हा दुसरा. दोन्ही एकाच वहीत मांडले की गोंधळ होतो. त्यातही तुम्ही एका रोपात दोन गोष्टी केल्या आहेत. आधी दोन वेगळे जीनोम, म्हणजे गुणसूत्रांचे पूर्ण संच, एका केंद्रकात आणले, मग ते दुप्पट केले. जनुकांच्या कामात जी उलथापालथ दिसते तिचा मोठा भाग पहिल्या गोष्टीतून येतो. माझं सगळं उत्तर याच एका मुद्द्याभोवती आहे.

आधी गुणसूत्रांचा हिशोब करू, कारण तुमच्या 'शून्या'चं मूळ तिथेही असू शकतं. देशी कापसात 26 गुणसूत्रं, म्हणजे ए जीनोमच्या 13 जोड्या. अमेरिकन कापसात 52 : 13 जोड्या ए प्रकारच्या आणि 13 डी प्रकारच्या. संकरात देशीकडून 13 आणि अमेरिकनकडून 26 आली, एकूण 39. परागकण तयार होताना देशीची ए गुणसूत्रं अमेरिकनच्या ए गुणसूत्रांना जोडीदार मानतात, पण डीची 13 एकटीच राहतात. ती कशीही विखुरतात आणि परागकण पोचट निघतात. असिटोकार्माइनचा रंग टाकून पाहिलं असेल तर चांगले कण लालभडक आणि बाकीचे फिके, सुरकुतलेले दिसले असतील. दुप्पट केल्यावर 78 झाली. आता प्रत्येक जनुकाच्या साधारण सहा प्रती आहेत : दोन देशीच्या, दोन अमेरिकनच्या ए भागातल्या, दोन डी भागातल्या.

म्हणजे तुमच्या संकराचा अमेरिकन पालक हाच मुळी एक जुना दुप्पट झालेला संकर आहे. साधारण 10 ते 20 लाख वर्षांपूर्वी ए जीनोमचा एक पूर्वज आणि आजच्या पेरूमधल्या गॉसिपियम रायमोंडायच्या जवळचा डी जीनोमचा एक पूर्वज यांचा संकर निसर्गात झाला आणि गुणसूत्रं दुप्पट झाली. ए जीनोम डीएनएच्या सुमारे 170 कोटी अक्षरांचा आहे, डी त्याच्या निम्म्याच्या आसपास. कामाची जनुकं मात्र दोन्हीकडे जवळपास सारखीच. ए मधला जादा भार मुख्यतः जागा बदलत फिरणाऱ्या डीएनए तुकड्यांचा, म्हणजे ट्रान्सपोझॉनचा आहे. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आणखी एक नवल. डी जीनोमच्या जंगली द्विगुणित, म्हणजे गुणसूत्रांचे दोनच संच असलेल्या, जातींच्या सरकीवर सूत काढण्याजोगा धागा नसतो. साहजिकच वाटतं की अमेरिकन कापसाचा लांब धागा ए भागाची कमाई असणार. पण 1990च्या दशकात धाग्याच्या गुणांना जबाबदार जागा गुणसूत्रांवर शोधल्या तेव्हा त्यातल्या बऱ्याच डी भागावर सापडल्या. ज्या जीनोमच्या मूळ घरी कातण्याजोगा धागाच नाही तो दुसऱ्याच्या सोबतीला आल्यावर धाग्याच्या कामाला लागला. मी वर्गात हे सांगतो तेव्हा थोडा वेळ थांबतो, कारण पालकाकडे पाहून संततीतल्या जनुकाचं काम सांगता येत नाही हे यापेक्षा स्पष्टपणे दुसरं काही दाखवत नाही.

निसर्गाने केलेला हा संकर माणसानेही करून पाहिला आहे. 1937 मध्ये ब्लेकस्ली आणि एव्हरी यांनी कोल्चिसीनने गुणसूत्रं दुप्पट होतात हे दाखवलं. 1940 मध्ये अमेरिकेत बीस्ली यांनी आर्बोरियम आणि डी जीनोमची जंगली जात थर्बेरी यांच्या संकरावर ते वापरलं. 52 गुणसूत्रांची रोपं मिळाली आणि ती अमेरिकन कापसाशी जुळली. अमेरिकन कापसाचा उगम ए आणि डी यांच्या मिलाफातून झाला याचा तो मोठा पुरावा ठरला. त्या तिहेरी संकरातून आलेली धाग्याची ताकद पुढे अमेरिकेतल्या वाणांमध्ये उतरली. जाता जाता सांगतो, हे कोल्चिसीन आपल्या कळलावीच्या कंदात भरपूर असतं. पावसाळ्यात कुंपणावर लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलं येतात तीच ही वेल. विषारी आहे. हातमोजे घातल्याशिवाय बाटली उघडू नका, आणि उरलेलं द्रावण सिंकमध्ये ओतू नका.

आता मूळ प्रश्न. 2003 मध्ये ॲडम्स, वेंडेल या संशोधकांनी आणि सहकाऱ्यांनी अमेरिकन कापसातल्या 40 जनुकजोड्या तपासल्या. जोडी म्हणजे एकाच जनुकाची ए भागातली प्रत आणि डी भागातली प्रत. बीजांडात या 40 पैकी 10 जोड्यांमध्ये एक प्रत गप्प होती किंवा दोन्हींचं काम असमान होतं. मग त्यांनी एकूण दहा अवयव तपासले. काही जोड्यांमध्ये एका अवयवात ए प्रत बंद आणि डी चालू, तर दुसऱ्या अवयवात बरोबर उलट. जणू दोन भावांनी कामं वाटून घेतली : पेरणी तू पाहा, बाजार मी पाहतो. त्यांनी माणसाने तयार केलेलं नवं चतुर्गुणित, म्हणजे चार संचांचं, रोपही तपासलं. त्यातही काही ठिकाणी तशीच वाटणी दिसली. म्हणजे सगळी वाटणी लाखो वर्षांत हळूहळू झालेली नाही, काही भाग संकर होताक्षणीच ठरतो.

चार वर्षांनी, 2007 मध्ये, ॲडम्स यांच्याच गटाने कापसाच्या रोपांना ताण देऊन पाहिलं. अल्कोहोल डीहायड्रोजनेजचं एक जनुक आहे, मुळं पाण्यात बुडाली, प्राणवायू तुटला की लागणारं. रोपाच्या कोवळ्या खोडात, पाण्यात बुडवल्यावर, त्याची एकच प्रत चालली. थंडीचा ताण दिला तर फक्त दुसरी प्रत चालली. आपल्या काळ्या जमिनीत जुलै-ऑगस्टमध्ये आठ दिवस पाणी साचतं तेव्हा सगळ्यांना माना टाकलेली झाडं दिसतात. त्या झाडाच्या पेशीत नेमक्या कोणत्या पालकाची प्रत कामाला लागली आहे हा प्रश्न मला या अभ्यासानंतर पडायला लागला. तुमच्यासाठी धडा सरळ आहे : नमुना कोणत्या अवयवाचा, झाडाचं वय काय, आदल्या रात्री पाऊस होता की ऊन, हे नोंदवलं नसेल तर 'या जनुकाची अभिव्यक्ती इतकी' या वाक्याला अर्थ उरत नाही.

इथे मोजण्याच्या दोन गोष्टी वेगळ्या करा. वेगळ्या चालीचे दोन बैल एका जुवाला जुंपले आहेत असं समजा. एकूण ओढ किती हे एक, आणि तिच्यात कोणत्या बैलाचा खांदा किती हे दुसरं. एकूण ओढ एका पालकाएवढीच येणं याला अभ्यासक अभिव्यक्तीच्या पातळीचं वर्चस्व म्हणतात. कापसाच्या नव्या कृत्रिम चतुर्गुणितात 2009 मध्ये हे ठळकपणे दाखवलं गेलं : पालकांमध्ये ज्या जनुकांचं काम कमी-जास्त होतं, त्यातली बरीच संततीत मधे न येता एका पालकाच्या पातळीवर जाऊन बसली. खांद्याचा वाटा ही वेगळी बाब आहे. एकूण पातळी देशीएवढी असेल, तरी ती देशीच्या प्रतींनीच गाठली असेल असं नाही. डी प्रत जोरात चालून आणि देशी प्रत मंदावूनही तोच आकडा येऊ शकतो. चालू जनुक स्वतःची आरएनए नक्कल काढतं. ती नक्कल मोजणाऱ्या साध्या क्यूपीसीआर चाचणीने तुम्ही फक्त एकूण ओढ मोजली आहे. वाटा कळायला प्रतींमधले एका-एका अक्षराचे फरक वाचावे लागतात.

असं का होतं? माझ्या समजुतीत याला तीन कारणं आहेत, आणि ती एकमेकांत गुंतलेली आहेत.

जनुक चालू करणारी प्रथिनं केंद्रकात मोकळी फिरतात. देशीच्या जनुकाने बनवलेलं नियंत्रक प्रथिन डीच्या जनुकालाही जाऊन चिकटू शकतं. डीच्या घरी जे जनुक कधी उठतच नव्हतं त्याला आता उठवणारा मिळाला. धाग्याच्या बाबतीत वर सांगितलेल्या नवलाचा एक संभाव्य उलगडा हाच आहे. उलटही होतं : एका बाजूचं दाबून ठेवणारं प्रथिन दुसऱ्या बाजूचं चालतं जनुक दाबून टाकतं. कोणाची कोणाला पकड बसेल हे जनुकाच्या शेजारचा डीएनए ठरवतो, त्यामुळे प्रत्येक जनुकाचं उत्तर वेगळं.

दुसरं कारण ट्रान्सपोझॉन. वनस्पती त्यांना आवर घालण्यासाठी त्यांच्यावर मिथाइल या रासायनिक गटाचे शिक्के मारते, आणि शिक्का कुठे मारायचा हे 24 अक्षरी लघु आरएनए दाखवून देतात. एका जीनोममध्ये घडी बसलेली ही व्यवस्था दुसरा जीनोम शेजारी आल्यावर विस्कटते. कुठे जुने शिक्के पुसले जातात, कुठे नको तिथे बसतात, आणि ट्रान्सपोझॉनच्या शेजारी राहणारं निरपराध जनुकही त्या शिक्क्याखाली झाकलं जातं. ए जीनोममध्ये असे तुकडे जास्त, म्हणून दोन्ही बाजूंना परिणाम सारखा होत नाही. हे शिक्के पुढच्या पिढ्यांतही जाऊ शकतात. कापसातलं सर्वांत सुंदर उदाहरण 2017 मधलं आहे. रानटी अमेरिकन कापूस दिवस लहान झाल्याशिवाय फुलावर येत नाही. लागवडीच्या कापसाने ही अट सोडली, म्हणून तो जगभर पिकतो. संशोधकांना कॉन्स्टन्स कुळातलं सीओएल2 नावाचं एक जनुक सापडलं : रानटी झाडात त्याची डी भागातली प्रत मिथाइलच्या शिक्क्यांनी बंद, लागवडीच्या झाडात शिक्के गेलेले आणि प्रत चालू. म्हणजे शेतकऱ्यांच्या शेकडो पिढ्यांनी लवकर फुलणारी झाडं निवडताना नकळत शिक्के पुसलेली प्रतही निवडली.

तिसरं कारण तोल. पेशीतली कित्येक यंत्रं चार-पाच प्रथिनं एकत्र येऊन बनतात. एकच भाग दुप्पट झाला तर बाकीचे कमी पडतात. सगळा जीनोम एकदम दुप्पट झाला तर सगळे भाग एकदम वाढतात आणि तोल टिकतो. म्हणूनच एकटं गुणसूत्र जास्त झालेलं झाड बहुधा दुबळं असतं आणि सगळी गुणसूत्रं दुप्पट झालेलं तगडं. मक्यात 1996 मध्ये एकाच वाणाची एकगुणित ते चतुर्गुणित अशी झाडं करून तपासलं होतं. तिथे संकराचा प्रश्नच नव्हता, फक्त प्रती वाढवल्या होत्या. बहुतेक जनुकांचं काम प्रतीमागे जवळपास तेवढंच राहिलं, थोडी जनुकंच वेगळी वागली. तुमच्या उत्तरासाठी हा प्रयोग फार मोलाचा आहे. नुसत्या द्विगुणनाने मोठी उलथापालथ होत नाही हे त्यात दिसतं.

उलट सेनेसिओ या सूर्यफुलाच्या कुळातल्या रानफुलावर 2006 मध्ये झालेला अभ्यास पाहा. त्यात वांझ त्रिगुणित, म्हणजे तीन संचांचा, संकर आणि त्याची गुणसूत्रं दुप्पट झालेली सुपीक जात शेजारी शेजारी ठेवली. वांझ संकरात जनुकांच्या कामाची घडी पार विस्कटलेली होती. दुप्पट झाल्यावर ती बरीचशी निवळली. पीक नाही हे, पण माझ्या कापसातल्या अनुभवाशी हे जुळतं. 39 गुणसूत्रांचं वांझ झाड कधी कधी अफाट वाढतं, फांद्यांवर फांद्या, पाती म्हणजे कळ्या गळणाऱ्या, कशाचा कशाला मेळ नाही. त्याचंच दुप्पट केलेलं भावंड जाड पानांचं, संथ, पण शिस्तीचं असतं.

यावरून तुमच्या प्रयोगातली उणीव दिसते. तुम्ही दोन पालक आणि दुप्पट केलेलं झाड एवढंच मोजलंत. दुप्पट न केलेला तोच संकर मोजला नाहीत. तो रकाना नसेल तर संकराचा परिणाम आणि द्विगुणनाचा परिणाम वेगळा करताच येत नाही. सगळं खापर द्विगुणनावर फुटतं. पालकांची सरासरीही कागदावर काढू नका. दोन्ही पालकांचा आरएनए ठरलेल्या प्रमाणात एकत्र करून तो नमुना बाकीच्यांसोबत त्याच प्लेटमध्ये चालवा. आणि प्रमाण एकास एक घेऊ नका. तुमच्या 39 मध्ये देशीचा एक संच आणि अमेरिकनचे दोन आहेत, तेव्हा अपेक्षाही एकास दोन या हिशोबाने धरायला हवी. ही चूक मी छापील लेखांतही पाहिली आहे.

आता तुमचं शून्य. यावर जरा थांबतो, कारण इथे घाईने 'जनुक गप्प झालं' असं लिहून टाकण्याचा मोह फार असतो.

सर्वांत आधी प्रायमर तपासा, म्हणजे चाचणीत हवं ते जनुक शोधून पकडणारा डीएनएचा छोटा तुकडा. तो कोणत्या जीनोमच्या अनुक्रमावरून केला? अमेरिकनच्या डी प्रतीवरून केला असेल आणि त्याच्या शेवटच्या दोन अक्षरांत ए प्रतींशी फरक असेल, तर ए प्रती कितीही चालोत, तुम्हाला शून्यच दिसेल. तोच प्रायमर दोन्ही पालकांच्या आणि संकराच्या डीएनएवर चालवून पाहा. डीएनएवर पट्टी येते आणि आरएनएवर येत नाही तेव्हाच गप्प होण्याची गोष्ट सुरू होते.

डीएनएवरही पट्टी आली नाही तर जनुकच गेलं आहे. 78 गुणसूत्रांच्या झाडात हे सहज घडतं. देशीची ए आणि अमेरिकनची ए गुणसूत्रं एकमेकांची चुलत भावंडं आहेत, पण त्यांच्यात तीन ठिकाणी गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झालेली आहे. जोड्या लावताना दोन-दोनच्या ऐवजी चार-चार, सहा-सहा गुणसूत्रं एकत्र अडकतात. सुटताना कोणाचा तुकडा कोणाकडे जातो, कधी एखादं गुणसूत्रच मागे राहतं. पुढच्या पिढीत मग एका प्रतीच्या जागी दुसरीच बसलेली असते. मोहरीच्या कुळात हे फार चांगलं दिसलं आहे. 1935 मध्ये यू या शास्त्रज्ञाने मोहरीवर्गीय पिकांचं नातं त्रिकोणात मांडलं. त्यातली रेपसीड म्हणजे कोबी आणि सरसों वर्गाच्या जातींचा दुप्पट झालेला संकर. प्रयोगशाळेत नव्याने केलेल्या रेपसीडच्या सुमारे 50 लाइन 2007 मध्ये तपासल्या गेल्या. पहिल्या पिढीत डीएनएत फार थोडे बदल होते. पाचव्या पिढीपर्यंत गुणसूत्रांच्या अशा अदलाबदली साचल्या होत्या, आणि जनुकांच्या कामातले व झाडाच्या गुणांतले बदल त्यांच्याशी जोडता येत होते. म्हणजे अभिव्यक्ती बदलली असं वाटतं, तेव्हा कित्येकदा खरं तर प्रतीच बदललेल्या असतात.

हे दोन्ही नाही, डीएनए शाबूत, प्रायमर बरोबर, तरी आरएनए शून्य, तर मग मिथाइलचे शिक्के तपासा. याचं सर्वांत जुनं उदाहरण रायबोसोमच्या जनुकांचं आहे. गहू आणि राय या धान्याच्या संकरात, आणि त्यातून झालेल्या ट्रिटिकेलमध्ये, रायची ही जनुकं झोपलेली असतात, गव्हाचीच चालतात. मिथाइल काढणारं 5-अझासायटिडीन दिलं की रायची जनुकं जागी होतात. जनुक मेलेलं नव्हतं, झाकलेलं होतं.

मोजणीतली आणखी एक खोच. गुणसूत्रं दुप्पट झाली की पेशी मोठी होते. तुम्ही पानाचा ठरावीक तुकडा घेतला तर त्यात आता पेशी कमी आहेत. आरएनए मोजून सगळ्या नमुन्यांत सारखा घेतला तर पेशीमागे एकूण आरएनए वाढला की नाही हे तिथेच पुसलं गेलं. तुमचं 'दुप्पट आलं नाही' हे अंशतः मोजण्याच्या पद्धतीनेच ठरलेलं आहे. सगळ्या जनुकांचं काम दुप्पट झालं तरी सारख्या आरएनएमध्ये ते जसंच्या तसंच दिसेल. पेशीमागे आकडा हवा असेल तर बाहेरून माहीत असलेल्या मापाचा आरएनए मिसळा, किंवा त्याच नमुन्यातला डीएनए मोजून हिशोब जीनोममागे मांडा. शिवाय पेशीचं घनफळ दुप्पट झालं तर पृष्ठभाग साधारण 1.6 पटच वाढतो. आवरणाशी संबंधित जनुकांची गरज आणि पेशीच्या आतल्या जनुकांची गरज एकाच पटीत वाढणार नाही. तेव्हा सगळीकडे 'दोन पट' ही अपेक्षाच मुळात चुकीची आहे.

गव्हात हे सगळं मोठ्या प्रमाणावर मोजलं गेलं आहे. आपण पोळीसाठी वापरतो तो गहू षट्गुणित, 42 गुणसूत्रांचा. सांगली-सातारकडची खपली चतुर्गुणित, 28ची. खपलीच्या वर्गातल्या गव्हाशी एका रानगवताचा संकर होऊन साध्या गव्हाला त्याचा डी जीनोम मिळाला (नाव तेच, पण कापसाच्या डीशी याचा संबंध नाही). 2018 मध्ये साध्या गव्हातल्या तीन-तीन प्रतींची तुलना झाली तेव्हा सुमारे 30 टक्के त्रिकुटांमध्ये काम असमान निघालं, उरलेल्यांत साधारण बरोबरीचं. हा आकडा तुमच्या प्रबंधात उपयोगी पडेल : असमानता सर्रास असते, पण ती सगळ्यांना लागू नाही. पैदासकाराला याचा फटका बसतो तो असा की एक प्रत बिघडली तर उरलेल्या दोन तिला झाकतात. भुरी रोगाला बळी पाडणारं एमएलओ जनुक गव्हात तिन्ही प्रतींमध्ये बंद केलं तेव्हा कुठे झाड भुरीला खंबीरपणे तोंड देऊ लागलं.

मग या संकराचा उपयोग काय? देशी कापसात तुडतुड्यांना आणि पाण्याच्या ताणाला तोंड देण्याची ताकद आहे, उत्तर भारतात कापसाची पानं आकसवणाऱ्या विषाणूला तो दाद देत नाही. हे गुण अमेरिकन कापसात आणायला तुमचं 78चं झाड हा पूल आहे, वाण नव्हे. पुढे अमेरिकन कापसाशी परत परत संकर करत 52वर यावं लागतं, आणि त्या वाटेवर जनुकाचा शेजार पुन्हा बदलतो. मार्कर, म्हणजे डीएनएवरची ओळखखूण, दाखवतो की देशीचं जनुक आलं आहे. ते नव्या घरात काम करतं की नाही हे मार्कर सांगत नाही. माझ्याकडे एकदा अशी एक लाइन होती. मार्कर स्वच्छ, तुडतुड्यांचा मारा मात्र शेजारच्या ओळीइतकाच, पानांच्या कडा लाल होऊन वाटीसारख्या वळलेल्या. दोन हंगाम मी मार्करवर विश्वास ठेवून ती पुढे नेली. तेव्हाच पानातला आरएनए पाहिला असता तर ते दोन हंगाम वाचले असते. म्हणून सांगतो, प्रत्येक परतसंकरात थोड्या झाडांवर अभिव्यक्तीही मोजा.

एक खुलासा, कारण शेतकरी मित्र हे वारंवार विचारतात. बाजारातलं संकरित बियाणं अशा द्विगुणनातून येत नाही. 1970 मध्ये सुरतहून आलेला एच-4 हा अमेरिकन कापसाच्याच दोन वाणांचा संकर, 1972चा वरलक्ष्मी अमेरिकन आणि बार्बाडेन्स या कापसाच्या दुसऱ्या जातीचा. दोन्हीकडे 52 असल्याने तिथे झाड वांझ होत नाही.

या हंगामासाठी शेवटची सूचना. तुमचं कोल्चिसीन लावलेलं रोप सगळंच्या सगळं दुप्पट झालेलं नसणार. शेंड्यातल्या काही पेशी दुप्पट होतात, काही तशाच राहतात, आणि एकाच झाडावर दोन्ही प्रकारच्या फांद्या येतात. एका फांदीची पानं जाड, गर्द, पर्णरंध्रं मोठी, रक्षक पेशींत हरितलवक जास्त, परागकण मोठे आणि लाल रंगणारे. दुसऱ्या फांदीची पानं पातळ आणि परागकण पोचट. बरेच जण दुसरी फांदी छाटून टाकतात. तुम्ही छाटू नका. एकच मूळ, एकच माती, एकच पाणी, एकच संकर, फरक फक्त द्विगुणनाचा. तुम्हाला हवा असलेला रकाना त्या झाडावर आयताच वाढतो आहे. दोन्ही फांद्यांना वेगळ्या रंगाचे दोरे बांधा, पेशीतला डीएनए मोजणाऱ्या फ्लो सायटोमीटरवर दोन्हीकडच्या पानांची खात्री करून घ्या, आणि सकाळी एकाच वेळी, त्याच वयाचं, शेंड्यापासून तिसरं पान दोन्हीकडून खुडा. कापूस मुळात बहुवर्षायू आहे. कुंडीत हलवून छाटणी करत राहिलात तर हेच झाड पुढच्या वर्षीही नमुना देईल.